हातात किती, एजंटसाहेब?

(जपानला मुलं धाडणाऱ्या कल्याणच्या एका एजंटास खुले पत्र)

एजंटसाहेब,

कल्याण स्टेशनातून पश्चिमेला बाहेर पडलं की तुमचा फलक दिसतो. फुजी पर्वत, साकुराची फांदी आणि खाली लाल अक्षरांत ‘महिना सव्वा लाख हातात’. छपाई झकास आहे, पर्वतावरचा बर्फसुद्धा चमकतो. त्या फलकावर तुमचा नोंदणी क्रमांक नाही आणि कराबद्दल एक अक्षर नाही. हे पत्र त्या दोन न छापलेल्या गोष्टींबद्दल आहे.

मी खडवलीची. रोज कसारा लोकलने कल्याणला येते आणि एका सीएंच्या कार्यालयात लोकांची रिटर्नं भरते. पगारातून काय कापलं, का कापलं आणि त्यातलं परत काय मिळतं, हे समजावून सांगणं हे माझं रोजचं काम. माझी पुतणी जानेवारी २०२४ मध्ये तुमच्यामार्फत जपानला गेली. सैतामा प्रांतातल्या कावागुची शहरात, वृद्धांची सेवा करायला. पगार महिना २ लाख १० हजार येन. तुम्ही तिच्या वडिलांकडून साडेतीन लाख रुपये घेतलेत. पावती दिली नाहीत. परदेशी नोकरीसाठी माणसं धाडणाऱ्याला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी करावी लागते आणि त्याला उमेदवाराकडून सेवाशुल्क घेता येतं ते जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि वर जीएसटी. माझ्या दिरांनी पतपेढीचं कर्ज काढलं, जावेच्या पाटल्या गहाण पडल्या. तेवढ्या पैशांत तुम्ही पोरीला करावरचा एक तास तरी शिकवायला हवा होतात.

जून २०२५ मध्ये तिचा रात्री फोन आला. तिथे तर मध्यरात्र उलटून गेली होती. ‘काकू, पगार कमी आलाय, मी काही चुकलेय का?’ मी तिला कंपनीने दिलेल्या कागदाचा फोटो पाठवायला सांगितलं. लांबट पट्टी होती, आडवी. डावीकडे वर्षाचं उत्पन्न आणि वजावटी, उजव्या कडेला महिन्यांची रांग. जूनचा आकडा थोडा मोठा, पुढचे अकरा एकसारखे. वर कावागुचीच्या महापौरांचा शिक्का. जपानी मला येत नाही, पण आकड्यांची मांडणी कुठल्याही देशात ओळखता येते. हा नगरपालिकेचा कर होता. तिथे त्याला जुमिनझेई म्हणतात, म्हणजे रहिवाशाने आपल्या शहराला आणि प्रांताला द्यायचा कर.

पोरीने मला फोन करण्याआधी तुम्हाला केला होता. तुम्ही तिला सांगितलंत, ‘कंपनी लबाड दिसते, मॅनेजरला जाब विचार.’ तिने विचारला. परक्या देशात, मोडक्यातोडक्या जपानीत, पन्नाशीच्या बाईला तिने तू माझे पैसे खाल्लेस असं सुचवलं. त्या बाईने न रागावता पट्टीवरचा एकेक रकाना बोटाने दाखवून समजावला. पोरगी अजून त्या दिवसाची आठवण काढून शरमते. शरम वाटायला हवी तुम्हाला.

आता मी सांगते ते लिहून घ्या. तुमच्या वर्गात फळा आहे, त्यावर उतरवा.

जपानचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपल्यासारखं एप्रिल ते मार्च नाही. प्राप्तिकर देशाचं सरकार घेतं आणि तो दर महिन्याला पगारातून कापला जातो. डिसेंबरात कंपनी हिशेब जुळवते, जास्त कापलं असेल तर परत देते आणि एक छोटी चिठ्ठी हातात ठेवते, गेन्सेन चोशू ह्यो. आपल्याकडचा फॉर्म १६ तोच. शहराच्या कराची चाल मात्र वेगळी आहे. १ जानेवारीला तुमचा पत्ता ज्या शहरात, ते शहर तुमच्या मागच्या पूर्ण वर्षाच्या कमाईवर कर लावतं आणि तो जूनपासून पुढच्या मेपर्यंत बारा हप्त्यांत वसूल करतं. नव्याने आलेल्या माणसाची मागच्या वर्षी जपानमध्ये कमाईच नसते, म्हणून सुरुवातीला हा कर शून्य असतो. पुतणी १ जानेवारी २०२४ नंतर उतरली. त्यामुळे जवळजवळ दीड वर्ष तिला वाटत राहिलं की आपला पगार हाच. मग जून उजाडला.

किती? मी तिचाच हिशेब मांडते. वर्षाचा पगार २५ लाख २० हजार येन. त्यातून नोकरदाराची ठरावीक वजावट ८ लाख ३६ हजार. आरोग्य विमा, पेन्शन वगैरेंचे मिळून साधारण पंधरा टक्के, म्हणजे पावणेचार लाखांच्या वर. मूळ वजावट ४ लाख ३० हजार. उरतात पावणेनऊ लाखांच्या आसपास. त्यावर दहा टक्के आणि माणशी ठोक ५ हजार. किरकोळ सवलत वजा जाऊन वर्षाला नव्वद हजार येन, महिन्याला साडेसात हजार. आपल्या पैशांत वर्षाला पन्नास हजार रुपयांच्या घरात. माझ्या दिरांचा पतपेढीचा हप्ता या आकड्याला धरून बेतलेला नव्हता. तो तुमच्या फलकाला धरून बेतलेला होता.

आपल्याकडच्या माणसाला हे सुचणं शक्यच नाही, आणि म्हणूनच ते सांगणं तुमचं काम होतं. महाराष्ट्रात नोकरदाराचा प्रोफेशन टॅक्स महिना दोनशे रुपये, फेब्रुवारीत तीनशे, वर्षाचे अडीच हजार. खडवलीत घर असेल तर ग्रामपंचायतीची घरपट्टी. ज्याच्या नावावर घर नाही, जो भाड्याच्या खोलीत राहतो, त्याच्याकडून शहराने करपात्र कमाईचा दहावा भाग घ्यावा हे इथे कुणाच्या स्वप्नातही येत नाही. वर्गातली वीस वर्षांची पोरं काय विचारणार? त्यांनी तुमच्यावर विश्वास ठेवला.

कराला लूट म्हणायची सवय तुम्ही त्यांना लावलीत, तेही मला मान्य नाही. पुतणी ज्या वृद्धाश्रमात काम करते, तिथला खर्च जपानच्या दीर्घकालीन देखभाल विम्यातून चालतो. ही योजना एप्रिल २००० मध्ये सुरू झाली. तिचा निम्मा पैसा विम्याच्या हप्त्यांतून येतो आणि निम्मा करांतून, त्यात शहराचाही वाटा असतो. ती ज्या आजीला रोज सकाळी उठवून बसवते, भरवते, त्या आजीच्या सेवेचा पैसा आणि पोरीच्या पगारातून कापलेला पैसा अशा ठिकाणी एकत्र येतात. हे तिला कळल्यावर ती म्हणाली, ‘मग द्यायला हरकत नाही काकू, फक्त आधी कळायला हवं होतं.’ तुमच्याबद्दलचं माझं सगळं म्हणणं तिच्या या एका वाक्यात आहे.

तुमच्याकडून गेलेली आणखी दोन पोरं माझ्याकडे कागद घेऊन आली. ती कथा तुम्हाला ठाऊक आहे, कारण तुम्हीच त्यांना सल्ले दिलेत.

टिटवाळ्याचा एक मुलगा जेवणाचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात होता. सप्टेंबरमध्ये त्याने तो कारखाना सोडून दुसरा धरला. नोकरी सुटली की शहराचा उरलेला कर पगारातून कापला जात नाही, त्याच्या चलनांचं पाकीट घरी येतं. ती चलनं तिथल्या कोपऱ्यावरच्या चोवीस तास चालणाऱ्या दुकानातही भरता येतात, इतकं ते सोपं आहे. मुलाने तुम्हाला फोटो पाठवला. तुम्ही उत्तर दिलंत, ‘जाहिरात आहे, फाडून टाक.’ मग तगाद्याचं पत्र आलं, त्यावर विलंब आकार चढला. व्हिसाची मुदत वाढवायला गेला तेव्हा शहराचा कर भरल्याचा दाखला मागितला गेला आणि तो त्याच्याकडे नव्हता. त्याने सगळी बाकी एकरकमी भरली, मित्रांकडून उसने घेऊन. तिथे कराची बाकी व्हिसाच्या टेबलापर्यंत येते, साहेब. कायमच्या वास्तव्याचा अर्ज करणाऱ्याला तर हा कर वेळच्या वेळी भरल्याचे मागच्या पाच वर्षांचे कागद दाखवावे लागतात. शिवाय जून २०२४ मध्ये तिथल्या संसदेने कायदा बदलला. जाणूनबुजून कर बुडवणाऱ्या परदेशी माणसाचा कायमचा परवाना काढून घेता येईल अशी तरतूद त्यात आहे. तुमच्या एका ‘फाडून टाक’ची किंमत एवढी होऊ शकते.

दुसरा वासिंदचा. तीन वर्षं नोकरी करून परत आला. त्याचं परतीचं तिकीट तुम्ही काढलंत, ५ जानेवारी २०२५ चं, कारण ते डिसेंबरच्या तिकिटापेक्षा थोडं स्वस्त पडत होतं. १ जानेवारीला तो तिथला रहिवासी होता. म्हणून २०२४ च्या पूर्ण कमाईवरचा शहराचा कर त्याच्या नावावर चढला आणि जूनमध्ये त्याचं पत्र एका कुलूप लावलेल्या खोलीच्या पेटीत पडलं. डिसेंबरातच शहर कार्यालयात स्थलांतराची नोंद करून तो निघाला असता तर हा कर लागलाच नसता. जानेवारीतच निघणं भाग असेल तर जाण्याआधी आपल्या वतीने कर भरणारा एक प्रतिनिधी नेमून ठेवायचा असतो. त्याला नोझेई कानरिनिन म्हणतात, एक पानाचा अर्ज असतो. तुम्ही वर्षानुवर्षं माणसं धाडता, परत आणता. तुम्हाला हे ठाऊक नव्हतं असं म्हणत असाल, तर साडेतीन लाख कशाचे घेता ते सांगा. ठाऊक असून सांगितलं नसेल, तर तेही सांगा.

आता पुतणीच्या आजीचा विषय. हा मला सर्वांत जास्त लागलाय.

तुमच्या माणसाने पुतणीला सांगितलं होतं, ‘आईबाबांना डिपेंडंट दाखव, टॅक्स शून्य. फॉर्म आम्ही भरतो, दहा हजार येन दे.’ परदेशातल्या नातेवाइकांची वजावट जपान देतो, हे खरं आहे. पण २०२३ पासून नियम कडक झाले. तीस ते एकोणसत्तर वयाच्या नातेवाइकाची वजावट घ्यायची, तर तो जपानमधून परदेशी शिकायला गेलेला असला पाहिजे, अपंग असला पाहिजे, नाहीतर त्या एका माणसाला वर्षात किमान ३ लाख ८० हजार येन पाठवलेले असले पाहिजेत. दीर अठ्ठावन्नचे, जाऊ बावन्नची. दोघांचे मिळून ७ लाख ६० हजार येन. खोलीभाडं आणि जेवण भागवून या पगारात इतकं पाठवणं कुणाला जमेल? आणि पाठवल्याचा पुरावा माणशी वेगळा लागतो. नवऱ्याच्या खात्यात पाठवलेले पैसे बायकोच्या नावाने मोजले जात नाहीत. खोटे आकडे भरले असतेत, तर पकड तिच्या मानेवर बसली असती, तुम्ही कल्याणला चहा पीत बसला असता. मी तिला सही करू दिली नाही.

पण आमच्या घरात पंचाहत्तरीच्या सासूबाई आहेत. सत्तरीच्या पुढच्या नातेवाइकाला ती किमान रकमेची अट नाही. आजी खरोखर नातीच्या आधारावर असली, पैसे तिच्या स्वतःच्या खात्यात गेले, बँकेची पावती आणि नात्याचा सरकारी दाखला जपानी भाषांतरासह जोडला, तर वजावट मिळते. प्राप्तिकरात ४ लाख ८० हजार आणि शहराच्या करात ३ लाख ८० हजार. पुतणीच्या पगारावर वर्षाला साठ हजारांहून जास्त येन वाचतात, म्हणजे शहराच्या कराच्या दोन तृतीयांशाइतकी रक्कम सुटली. पोरीने पहिल्या महिन्यापासून पैसे पाठवले. त्यातून आजीची रक्तदाबाची औषधं आली, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पण सगळे पैसे गेले बापाच्या खात्यात, कारण तुम्ही वर्गात सांगितलं होतं की घरी एकाच खात्यावर पाठवा, सोपं पडतं. ऑपरेशनची पावती आजीच्या नावाची, पाठवलेल्या पैशांची पावती बापाच्या नावाची. आजीच्या नावावर एक येनही गेलेला नाही, त्यामुळे मागचा हक्क सुटला तो सुटला. आता सासूबाईंचं खातं उघडलंय. त्यांचा आणि दिरांचा जन्माचा दाखला काढायला ग्रामपंचायतीत आमच्या खेपा चालू आहेत. नात, बाप आणि आजी ही साखळी कागदावर जोडावी लागते. इथून पुढे मिळेल. त्याबद्दल तुमचे आभार मानायचं कारण नाही.

वजावटीचा कागद डिसेंबरात राहून गेला, तर १६ फेब्रुवारी ते १५ मार्च या काळात कर कार्यालयात विवरणपत्र भरता येतं. नुसता परतावाच मागायचा असेल तर पाच वर्षांपर्यंत मागता येतो. हेही फळ्यावर लिहा. काहींना हे सगळं विचारायला माणसं असतात. टोकियोच्या एदोगावा भागात, निशी-कासाईला मराठी इंजिनिअरांची वस्ती आहे.  तिथे नवखा मुलगा जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याला विचारतो, कंपनीत एचआर असतं. त्यांचे प्रश्नही वेगळे. पाच वर्षं झाली की जपान जगभरातल्या उत्पन्नावर कर मागतो, मग डोंबिवलीच्या फ्लॅटचं भाडं कुठे दाखवायचं हे ते विचारतात आणि त्यांना उत्तर मिळतं. माझ्या पुतणीच्या वृद्धाश्रमात मराठी बोलणारी ती एकटी आहे. तिचा शेजारी, तिचं एचआर, सगळं तुम्हीच होतात.

आणि ज्या व्हिसावर ती गेली, त्यात या गोष्टी समजावणं मालकाचं बंधन आहे. तिला कळेल अशा भाषेत राहणीमानाची माहिती द्यायची, सरकारी कार्यालयात सोबत जायचं, हे फुकट. त्याचा खर्च कामगाराच्या माथी मारता येत नाही. तुम्ही मात्र ‘सपोर्ट चार्ज’ म्हणून तिच्याकडून पैसे घेतलेत आणि कंपनीच्या माहिती-सत्राला ‘वेळ फुकट जातो, सही करून मोकळी हो’ असं सांगितलंत. ऑगस्ट २०२५ मध्ये भारत आणि जपानने मिळून ठरवलं की पाच वर्षांत पाच लाख माणसांची देवाणघेवाण करायची, त्यात भारतातून ५० हजार कुशल माणसं जपानला जायची. म्हणजे तुमचा वर्ग आणखी भरणार. मला त्याचीच धास्ती आहे.

शेवटचं, वासिंदच्या त्याच मुलाचं पेन्शन. तीन वर्षं त्याच्या पगारातून पेन्शनचे ९.१५ टक्के कापले गेले. परत आल्यावर दोन वर्षांच्या आत अर्ज केला की एकरकमी काही रक्कम परत मिळते. भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे. पुन्हा जपानला जाण्याचा विचार असेल तर ही रक्कम न उचलता ती वर्षं पुढच्या पेन्शनला जोडून ठेवता येतात. तुम्ही त्याला हा पर्याय सांगितला नाहीत, थेट अर्ज लावलात आणि आलेल्या पैशांतले तीस टक्के कापून घेतलेत. त्याच्या पगाराला साधारण ७ लाख २६ हजार येन आले. त्यातून जपान सरकारने २०.४२ टक्के प्राप्तिकर कापला, म्हणजे जवळजवळ दीड लाख येन. ‘तो गेला, परत येत नाही,’ असं तुम्ही त्याला सांगितलंत. येतो. करप्रतिनिधी नेमून तिथल्या कर कार्यालयात विवरणपत्र भरलं की ही रक्कम निवृत्तीच्या उत्पन्नात धरली जाते आणि तीन वर्षं नोकरी केलेल्याला ती सगळी परत मिळते. त्यासाठी पेन्शन कार्यालयाने पाठवलेलं मंजुरीचं मूळ पत्र जोडावं लागतं. पत्र तुमच्या पत्त्यावर आलं. मुलाने मागितलं तर तुम्ही ‘फाइलला लागलंय’ म्हणालात.

कुठल्या फाइलला? तो त्याचा कागद आहे. त्यावर त्याचं नाव आहे, त्याच्या तीन वर्षांच्या कापणीचा हिशेब आहे. तुमच्या कपाटात त्याचा काहीही उपयोग नाही, जोवर तुमच्या मनात स्वतःलाच प्रतिनिधी नेमून ते दीड लाख येन उचलायचे नसतील.

तुम्ही उमेदवारांकडून घेतलेल्या रकमेबद्दलची तक्रार मुंबईच्या उत्प्रवासी संरक्षकांच्या कार्यालयाकडे आणि ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर गेलेली आहे. पावत्या तुम्ही दिल्या नाहीत, पण बँकेतून काढलेल्या पैशांच्या नोंदी, पतपेढीचे कागद आणि तुमचे व्हॉट्सअॅप निरोप जोडलेत. ‘जाहिरात आहे, फाडून टाक’ हा निरोपही आहे, तारखेसकट.

मंजुरीचं ते मूळ पत्र येत्या सोमवारपर्यंत वासिंदच्या मुलाच्या हातात द्या. तो स्वतः तुमच्या कार्यालयात येईल, मी त्याच्यासोबत असेन. पत्र घेताना आम्ही पोच लिहून देऊ. आम्ही पावती देतो.

खडवलीहून,
तुमच्या एका उमेदवाराची काकू